रेडी ते दिवेआगर, थंडीभर तंबूत

समुद्राकाठी तंबू टाकून दोन-तीन महिने राहणार म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात वाळूत झोप लागते का, मग साप-विंचू निघत नाहीत का, आणि बायका जरा बाजूला घेऊन विचारतात, बाथरूमचं काय करता गं? तिन्ही प्रश्न अगदी बरोबर आहेत आणि माझ्याकडे तिन्हींना एकच उत्तर आहे, तंबू पुळणीवर टाकायचाच नाही, वाडीत टाकायचा. कोकणात किनाऱ्यालगतच्या घरांच्या मागे नारळी-पोफळीची वाडी असते, ती संपली की सुरूचं बन नाहीतर केवड्याची दाटी, आणि त्यापलीकडे समुद्र. वाडीच्या कडेला घरमालकांना विचारून, रोजचे काय द्यायचे ते आधीच बोलून तंबू लावला की विहिरीचं गोडं पाणी मिळतं, न्हाणीघर मिळतं, रात्री कोणीतरी माणसं जवळ आहेत हा धीर असतो आणि समुद्र तरीही दोनशे पावलांवरच असतो. लाटांचा आवाज उशाशी येतोच.

आम्ही म्हणजे मी आणि नवरा. तो रिटायर झाला, मी शिकवण्या बंद केल्या, मुलगी तिच्या नोकरीच्या गावी, आणि इतकी वर्षं कोकण म्हणजे शुक्रवारी रात्री निघा आणि रविवारी संध्याकाळी घाटातल्या ट्रॅफिकमध्ये उभे राहा एवढंच चाललेलं. म्हणून ठरवलं की एक आख्खी थंडी किनाऱ्यावर काढायची. डिसेंबर लागताना गोव्याच्या हद्दीजवळच्या रेडीला पोचलो आणि मार्च उजाडला तेव्हा वर रायगडातल्या दिवेआगरहून परत निघालो. शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असं पाठ केलेलं असतं, पण तो सगळा बघून काढायचा असा काही हट्ट नव्हता. उलट मोजक्याच जागा घ्यायच्या आणि एका जागी निदान एक पक्ष तरी राहायचं असं ठरवलं होतं. पक्ष म्हणजे पंधरवडा, अमावस्या ते पौर्णिमा किंवा पौर्णिमा ते अमावस्या. हे मी फार विचार करून सांगतेय, कारण एखादा किनारा पंधरा दिवसांत जसा दिसतो तसा दोन दिवसांत दिसूच शकत नाही, आणि हे सगळं लिहायला बसले तेही मुख्यतः एवढ्यासाठीच.

कारण सांगते. समुद्राचं घड्याळ तिथीवर चालतं. तिकडे जुन्या माणसांना विचारलं तर ती मोबाईल काढत नाहीत, तिथीला पाऊणने गुणतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला साधारण सव्वाअकरा-बारा. पहाटेची आणि दुपारची दोन्ही तशीच, मध्ये साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज भरती पाऊण तास पुढे सरकते. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, दक्षिणेकडे भरती जरा लवकर येते, पण चालायला कधी जायचं, शिंपल्या-खेकडे कधी दिसतील, खडकांतून वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जाता येईल की नाही एवढं ठरवायला हा हिशोब पुष्कळ झाला. आता यातून काय होतं बघा, पौर्णिमेच्या आसपास सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी सूर्यास्ताला समुद्र लांब गेलेला असतो, ओली सपाट वाळू पसरलेली असते आणि अनवाणी मैलभर चालता येतं, आणि बरोबर आठवड्याने अष्टमीला तुम्ही त्याच वेळी त्याच जागी गेलात तर भरती असते, पाणी जवळ आलेलं, चालायला चिंचोळी तिरकी पट्टी, वाळू भुसभुशीत, पाय रुततात. शनिवार-रविवारी येणारा माणूस यातलं एकच काहीतरी बघतो आणि म्हणतो अमुक बीच चांगला आहे, तमुक काही खास नाही. बीच तोच असतो हो, तिथी वेगळी असते.

अजून एक गोष्ट तंबूवाल्यांनी नीट लक्षात ठेवावी अशी. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दुपारची भरती मोठी असते, हिवाळ्यात उलट, रात्रीची जास्त चढते. म्हणजे दुपारच्या भरतीची ओली रेघ बघून, तिच्या वर सात-आठ पावलं कोरडी वाळू आहे म्हणून तिथे तंबू टाकला तर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मध्यरात्री पाणी आत येऊ शकतं. खरी रेघ बघायची तर ती वाळलेल्या कचऱ्याची बघायची, जिथे सुरूची फळं, नारळाच्या करवंट्या, थर्माकोलचे तुकडे ओळीने पडलेले असतात. आम्ही वाडीत असायचो म्हणून आम्हाला काळजी नव्हती पण एकदोन ठिकाणी पुळणीवर तंबू लावायला आलेल्या पोरांना नवऱ्याने मुद्दाम नेऊन ती रेघ दाखवली.

दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचं हे माझं डोकं. डिसेंबरमध्ये सिंधुदुर्गात जत्रा असतात, जानेवारीत रत्नागिरीकडे आंब्याला मोहोर, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला कासवाची पिल्लं. नवरा म्हणाला, अगं सगळे वरून खाली जातात. मी म्हटलं, जाऊ देत की. पण या उलट्या दिशेचा एक फायदा आम्हाला आधी माहीत नव्हता. वेंगुर्ल्याकडे भरती-ओहोटीतला फरक कमी, उधाणालाही दोन-अडीच मीटरच्या आसपास, आणि जसजसं वर यावं तसतसा तो वाढत जातो, मुंबईकडे साडेचार-पाच मीटरपर्यंत. नकाशात हे कळत नाही, पण एकेका जागी पंधरवडा राहून वर सरकत गेलं की समुद्र दर मुक्कामाला थोडा जास्त लांब जाताना दिसतो. वेंगुर्ला-शिरोड्याला पाणी कायम जवळ, आणि दिवेआगरला ओहोटीला ते इतकं मागे जातं की लाटेपर्यंत चालत जायचं म्हणजे फिरणंच होतं.

तंबूचं थोडं सांगते कारण विचारणारे बरेच आहेत. दोघांना चार माणसांचा तंबू घ्या, वर दुहेरी कापड असलेला आणि दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या असलेला. थंडीत कोकणात दिवसा तीस-बत्तीस डिग्री आणि पहाटे किनाऱ्यावर अठरा-वीसच्या आसपास, त्यामुळे गारठ्यापेक्षा दवाचा त्रास जास्त. दिवसभर समुद्राकडून खारे वारे येतात, सूर्य बुडाल्यावर ते पडतात, मध्ये तासभर झाडाचं पान हलत नाही, आणि मग रात्री उशिरा जमिनीकडून मतलई वारा सुटतो. पाचवीच्या भूगोलात खारे वारे मतलई वारे दोन मार्कांना लिहिलेले असतात, पण रात्री तीनला तंबूचं समुद्राकडे तोंड केलेलं दार एकदम बाहेरच्या बाजूला फुगतं आणि पाठीमागच्या जाळीतून शेणाचा, चुलीच्या धुराचा, ओल्या पाचोळ्याचा गार वास आत येतो तेव्हा तो मतलई वारा खरा कळतो. मी कितीतरी रात्री त्याने जागी झाले आणि शाल ओढून तशीच पडून राहिले. सकाळी बाहेरचं कापड पिळून काढावं इतकं ओलं असायचं, आतलं कोरडं. उन्हं वर आल्याशिवाय तंबूची घडी घालायची नाही, नाहीतर बुरशी धरते. चेनी मात्र खाऱ्या हवेने आठवड्यात अडकायला लागतात, त्यावर गोड्या पाण्याचं फडकं फिरवायचं आणि मेणबत्ती घासायची. खुंट्या वाळूत धरत नाहीत, पिशव्यांत वाळू भरून त्यांना दोरी बांधून त्या हातभर खोल पुरायच्या. आणि नारळाखाली तंबू लावायचा नाही, कधीच नाही, नारळ सोडा, वाळलेली झावळ पडली तरी डोकं फुटेल. मालकांना विचारलं की कुठलं झाड कधी पाडलंय ते सांगतात, आम्ही तरी पोफळींच्याही बाहेरची मोकळी जागा घ्यायचो. सुरूच्या बनात शेगडी पेटवायची नाही हेही तसंच, खाली त्या सुयांचा जो जाड थर असतो तो भसकन पेटतो.

आणि हो, बाथरूम. वाडीतल्या घरांत न्हाणीघरात पाणचुलीवर मोठा हंडा असतो, खाली नारळाची सोडणं आणि झावळ्यांचे तुकडे सारलेले असतात, आणि सकाळी त्या धुरकट वासाच्या कढत पाण्याने आंघोळ झाली की अंगावरचं सगळं मीठ उतरतं. मला हे नसतं तर मी इतके दिवस राहिले नसते, स्पष्टच सांगते. बायकांनी ही सोय मागायला अजिबात लाजू नये. घरातल्या काकूंशी आधी बोलायचं, काकांशी नंतर, सगळं सुरळीत होतं.

तोंडवळी-तळाशीलचा पंधरवडा मला सगळ्यात जास्त आवडला. मालवणच्या वरच्या अंगाला ही जमिनीची लांब चिंचोळी पट्टी आहे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कालावलची खाडी, मध्ये घरं, माड, आणि एक रस्ता. एका बाजूला लाटा धाडधाड आणि दुसरीकडे वळून गेलं की खाडीचं पाणी तेलासारखं गप्प. पहिल्या दिवशी पाणी भरायला गेलेल्या मला विहिरीवरच्या आजींनी विचारलं, खंयसून इलात? पुण्याहून म्हटल्यावर दुसरा प्रश्न, किती दिस? पंधरा म्हटलं तर त्यांनी कळशी खाली ठेवली आणि मला नीट बघून घेतलं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आम्ही तिथले झालो, म्हणजे कोणी विचारायचं बंद झालं, नुसतं हात करून पुढे जायला लागले.

तिथे रापण बघितली. बघितली म्हणजे ओढली. पहाटे उजाडायच्या आत होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात सोडून, आणि मग भलामोठा अर्धगोल मारत जाळं सोडत सोडत लांबवर दुसऱ्या टोकाला परत किनाऱ्याला लागते. आता दोन दोर, दोन रांगा, मधल्या पाण्यात जाळ्याची बुचं ठिपक्यांसारखी तरंगताना दिसतात. रांगेतली माणसं मागे मागे चालत दोर ओढतात, शेवटचा माणूस वाळूच्या वरच्या टोकाला पोचला की दोर सोडून धावत पाण्यापाशी येतो आणि सगळ्यात पुढे पुन्हा दोर धरतो. असं तासाच्या वर चालतं. शाळेत जायच्या आधीची पोरं असतात, साठी-सत्तरीची माणसं असतात, बायका असतात. नवरा पहिल्यांदा दंडाच्या जोरावर ओढत होता तर शेजारचे आजोबा म्हणाले, हातान नको, पायान वड. मग त्याने टाचा वाळूत रोवून सगळं वजन मागे टाकलं आणि त्यांच्या ठेक्यात आला. मीही धरला दोर. काथ्यासारखा खरखरीत, ओला, तळव्याला चावणारा, आणि तो नुसता जड नव्हता, मधूनमधून आतून थरथरत होता. मासळी जाळ्याला धडकते ती ती थरथर, हे मला नंतर कळलं.

दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ सरकतात आणि शेवटी जाळ्याची पिशवी पाण्यातून वर येते तेव्हा सगळे एकदम बोलायला लागतात. त्या दिवशी तारली होती, पेडवे होते, थोडे बांगडे, आणि जेलीफिशचा चिकट ढीग, तो आधी हाताने उचलून बाजूला टाकला. बांगडा मी बाजारात आयुष्यभर घेतला आहे पण त्याच्या पाठीवरच्या त्या काळपट वळणदार रेघांमध्ये इतका झगझगीत निळा-हिरवा रंग असतो हे माहीत नव्हतं, ओल्या वाळूवर तो उड्या मारत असतो तोवर रंग असतो आणि बघता बघता, खरंच दोन-तीन मिनिटांत, फिका पडत जातो. मग वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. आम्ही नको नको म्हणत होतो तर आजोबांनी ऐकलं नाही, दोर धरलास ना, मग घे. रापणीत हाच नियम आहे.

पण त्याच आजोबांनी हेही सांगितलं की पूर्वी एका रापणीला जेवढी मासळी यायची त्यातली आता थोडीच येते. खोल समुद्रात पर्ससीन जाळी आख्खे थवेच्या थवे घेरून उचलतात, किनाऱ्यापर्यंत यायला काही उरत नाही, हे इथल्या पारंपरिक मच्छीमारांचं वर्षानुवर्षांचं दुखणं आहे. त्यासाठी मोर्चे झाले, २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर बंधनं आणली, तरी बंधनं मोडून मासेमारी चालते ही तक्रार आजही आहे. आपण जेवणाच्या ताटावर बसून सुरमई महाग झाली म्हणतो तेव्हा यातलं काही डोक्यात नसतं. मला आता असतं.

त्याच मुक्कामात, अमावस्येच्या जवळच्या रात्री, लाटा चमकल्या. नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव पाण्यात वाढला की पाणी हललं तिथे निळसर उजेड दिसतो, थंडीत आपल्या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी दिसतो पण चंद्र असला तर डोळ्यांना कळत नाही. लाट उभी असताना काळी, आणि फुटायला लागली की तिच्या कडेने निळी रेघ धावत जाते. ओल्या वाळूवर पाय आपटला तर पायाभोवती ठिणग्या. आम्ही दोघं त्या वयात, रात्री अकरा वाजता, वाळूवर पाय आपटत पळत होतो. वर मृग नक्षत्र आणि खाली व्याध, इतका ठळक की त्याचीही रेघ पाण्यात दिसत होती.

सिंधुदुर्गातल्या जत्रांबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे थोडंच. वेंगुर्ल्याकडे होतो तेव्हा जवळच्या गावात जत्रा होती, देवळाभोवती खाजं आणि फुलांची दुकानं, पालखी झाली आणि मध्यरात्र उलटल्यावर दशावतार सुरू झाला. पेटी, मृदंग, झांज. आधी आडदशावतार, म्हणजे मुख्य नाटकाच्या आधीचा भाग, त्यात संकासुर आला की पोरं उठून बसतात, आणि मग आख्यान, ते थेट पहाटेपर्यंत. लिहिलेली संहिता नाही, सगळे संवाद जागेवरचे, आणि स्त्रीपार्टी नटाने शालूचा पदर सावरत जो शोक केला त्याला माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. हे हॉटेलात राहून बघता येतं का? येतं, पण कळत नाही. आम्हाला तरी वाडीच्या काकूंनी संध्याकाळी, आज जत्रेक चला, असं म्हटलं म्हणून कळलं.

नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा मात्र किनाऱ्यावर राहू नये, किंवा अगदी आडबाजूला राहावं. गर्दीचं मला काही नाही, लोकांनी समुद्र बघावाच. पण पुळणीवर गाड्या घालतात त्याचा मला मनापासून राग येतो. गाडी रुतली तर भरतीत जाते हे झालंच, पण त्या चाकांखाली काय काय जातं! ओहोटीला वाळूवर बारीक गोळ्यांची जी नक्षी दिसते ती वाळू चाळून खाणाऱ्या इवल्याशा खेकड्यांची असते, प्रत्येक बिळाभोवती किरणांसारखी, आणि पुढच्या भरतीला पुसून पुन्हा रोज नव्याने. त्याच्या वरच्या कोरड्या वाळूत डिसेंबरपासून कासवांची घरटी असू शकतात. आणि फुटलेल्या बाटल्या. आम्ही रोज सकाळी चालताना एक पोतं घेऊन जायचो, ते कधी रिकामं परत आलं नाही.

जानेवारीत देवगड-विजयदुर्ग करत वर सरकलो. या पट्ट्यात आंब्याला मोहोर आलेला, हवेत तो वास, बागायतदार आकाशाकडे बघत, थंडी टिकली पाहिजे, ढग यायला नकोत. रत्नागिरी शहरात फक्त सामान भरलं आणि गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घेतली. हे करा बरं का, नाहीतर खाऱ्या हवेने गाडीचा पत्रा सडतो. आरे-वारेचा रस्ता सुंदर आहे, सगळ्यांना माहीत आहे, मी अजून काय सांगू. पुढे जयगडहून तवसाळला आणि नंतर धोपाव्याहून दाभोळला फेरीबोट, गाडीसकट. तिकडे तिला जंगलजेट्टी म्हणतात. शास्त्री नदी आणि वाशिष्ठी नदी अशा ओलांडता येतात, नाहीतर खाडीला वळसा घालून कितीतरी लांबचा फेरा. मी दोन्ही वेळा गाडीतून उतरून कठड्याला उभी राहिले. खाडीच्या तोंडाशी थंडीत कुरव पक्षी असतात, लांब उत्तरेकडून आलेले, ते होडीच्या मागे मागे येतात.

मधला गुहागरचा मुक्काम निवांत झाला. लांबच लांब सरळ किनारा, मागे सुरू आणि वाड्या, आणि गाव किनाऱ्याला समांतर पसरलेलं. इथे आम्ही फार काही केलं नाही. नवरा सकाळचा चहा करायचा, मी कुळथाची पिठी-भात, दुपारी वाचन, संध्याकाळी चालणं. इतक्या वर्षांत आम्ही दोघं सलग इतके दिवस एकत्र कधी राहिलोच नव्हतो, त्याच्या शिफ्ट, माझे क्लास, मुलीची शाळा, सासूबाईंचं आजारपण. तंबूत दुसरी खोली नसते, रुसून जायचं तर बाहेर समुद्रापाशी जावं लागतं आणि तिथे गेलं की थोड्या वेळाने दुसराही येतोच. आम्ही खूप बोललो. बरंचसं जुनं, राहून गेलेलं. त्याने मला त्याच्या वडिलांबद्दल अशा गोष्टी सांगितल्या ज्या लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी ऐकल्या नव्हत्या.

गुहागरला कासवांचीही एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. ओडिशात २०२१ साली टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याचं कासव, आख्खं दक्षिण टोक वळसा घालून इकडे. तोवर दोन्ही किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी असं समजलं जायचं.

पिल्लं मात्र वेळासलाच बघायची होती. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, बाणकोटच्या जवळ. इथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी वाचवायला सुरुवात केली. मादी रात्री येऊन शंभर-सव्वाशे अंडी घालून निघून जाते, कोल्हे-कुत्री ती उकरतात, पूर्वी माणसंही न्यायची, म्हणून कासवमित्र पहाटे किनारा चालून घरटं शोधतात आणि अंडी तशाच खोलीच्या खड्ड्यात कुंपणाच्या आत हलवतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलून बघतात, पिल्लं असली तर सोडतात, नसली तर नाहीत. लोक लांबून येतात आणि काही न बघता परत जातात. पंधरवडा राहणाऱ्याला ती भीती नाही. आम्हाला पहिले काही दिवस काहीच दिसलं नाही, मग एका संध्याकाळी टोपलीखाली वाळू खळगा पडल्यासारखी खचली होती आणि त्यातून एक काळं नाक बाहेर आलं होतं. तळहातापेक्षा लहान पिल्लू. दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे बसलेलो, हलायचं नाही, फ्लॅश नाही. ते चार पावलं चाललं की थांबायचं, मान वर करायचं, परत चालायचं. पहिल्या लाटेने त्याला उलटं करून मागे आणून टाकलं. दुसरीनेही. तिसऱ्या लाटेला गेलं.

वेश्वीहून बागमांडल्याला फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडली आणि शेवटचा मुक्काम दिवेआगर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. ज्यांच्या वाडीत राहिलो त्या काकांनी बोट करून दाखवलं, इथून तिथपर्यंत पोफळी होत्या, एका दुपारीत आडव्या झाल्या. नवीन लावलेल्या आता डोक्याच्या वर गेल्यात, पण पोफळीला धरायला सात-आठ वर्षं लागतात आणि नारळाला जवळपास तेवढीच. मधल्या काळात काय करायचं? त्यांनी दोन खोल्या काढल्या, खानावळ सुरू केली, आमच्यासारख्यांना तंबूला जागा दिली. म्हणून वाडीत राहा म्हणते त्यात हेही आहे, तुमचे पैसे थेट त्या घरात जातात.

फेब्रुवारी संपताना पूर्वेकडून कोरडा वारा यायला लागला, समुद्राकडचा वारा दुपारी उशिरापर्यंत येईना आणि तंबूत अकरा वाजताच बसवेना. अशा दिवसांत कोकणात पारा सदतीस-अडतीसपर्यंत जातो. तेव्हा आवरलं. तंबूची थंडी नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीअखेर एवढीच धरा.

पुढच्या थंडीत कोणी जाणार असेल तर पोचायचा दिवस सुट्टी बघून ठरवू नका, कॅलेंडरमध्ये अष्टमी-नवमी बघा. त्या दिवसांत भांग असतो, पाणी फार वर येत नाही आणि फार मागेही जात नाही, आणि तिथून पुढे आठवडाभर रोज ते थोडं थोडं जास्त वर चढत उधाणापर्यंत जातं. पहिल्या संध्याकाळी पाणी पोचलं तिथे एक काठी रोवा. रोज एक. मग पौर्णिमा होऊन जाऊ द्या, पुढच्या अष्टमीपर्यंत थांबा, आणि मगच पुढच्या गावाला निघा.